मुलांच्या गोष्टीतलं बोलकं पात्र प्राणीच कशाला हवं?

शाईपेन

चार ते सात वयोगटासाठी सात-सात मिनिटांच्या ॲनिमेशन भागांची संहिता उघडली की पहिल्याच पानावर ससा, अस्वल, कासव आणि खार एका वर्गात बसलेले सापडतात. सशाचा डबा हरवतो, खारीवर संशय येतो, खार रुसते, डबा दप्तराच्या मागच्या कप्प्यात निघतो, सगळे सॉरी म्हणतात. आता सशाच्या जागी पहिलीतला मुलगा घाला. संवादातला एक शब्दही हलत नाही. मग लांब कान काढायचे कष्ट कशाला?

ही अदलाबदलीची कसोटी मला पुरेशी वाटते. बीट्रिक्स पॉटरचा पीटर रॅबिट (१९०२) त्यात टिकतो. मॅकग्रेगरच्या बागेतून पळताना त्याचा एक बूट कोबीत पडतो, दुसरा बटाट्यात. बूट गेल्यावर तो चार पायांवर धावायला लागतो आणि वेग वाढतो. सुटलाच असता, पण नव्या निळ्या जॅकेटची मोठी बटणं जाळीत अडकतात. जॅकेट टाकावं तेव्हा जीव वाचतो. त्याचा बाप याच बागेत सापडून मॅकग्रेगरबाईंच्या ताटात गेलेला आहे, हे पहिल्याच पानांत सांगून टाकलेलं असतं. इथे मुलगा घालून बघा, गोष्टच उरत नाही.

दुसरं टोक म्हणजे अमेरिकन मुलांच्या पुस्तकांतला आर्थर. १९७६ च्या पहिल्या पुस्तकाचा विषयच त्याचं लांब नाक, कारण तो आर्डव्हार्क, म्हणजे लांब नाकाचा, मुंग्या खाणारा आफ्रिकी प्राणी. पुढच्या पुस्तकांत नाक आखूड होत गेलं. १९९६ ला टीव्ही मालिका आली तोवर गोल चेहरा, गोल चष्मा आणि डोक्यावर दोन छोटे कान एवढंच उरलं होतं. मालिका २०२२ पर्यंत चालली. प्राणीपण गळून पडलं आणि कुणाचं काही अडलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: प्राण्याचं शरीर गोष्टीत काम करत नसेल तर तिथे माणसाचं मूल घ्या. खोडून काढा.

रेषाबहाद्दर

निम्मं खोडतो. पात्र प्राणी का झालं याची बरीच कारणं संहितेत नसतातच, ती चित्राच्या टेबलावर असतात. मिकी माऊस १९२८ चा, त्याच्या हातात मोजे आले १९२९ मध्ये. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काळा हात काळ्या अंगासमोर आला की दिसेनासा व्हायचा, म्हणून पांढरे मोजे. बोटं चारच, कारण एवढ्याशा पंजात पाच बोटांची गर्दी होते आणि प्रत्येक चित्रात एक बोट वाचतं. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी सात मिनिटांची ५,०४० होतात. त्यात वाचलेलं प्रत्येक बोट मोजा.

माणसाचा चेहरा महाग पडतो. प्रेक्षक तो जन्मल्यापासून वाचत आलाय. कमी बजेटमध्ये, कमी चित्रांत हलणारा मुलगा लगेच निर्जीव दिसतो. डोळे गोठलेले, मान खिळ्यावर बसवल्यासारखी. तेवढ्याच चित्रांत हलणारं डुक्कर चालून जातं, कारण डुकराने कसं हसावं याचा नमुना कुणाच्या डोक्यात नसतो. शिवाय कान आणि शेपूट फुकट मिळतात. कान पाडले की दुःख, ताठ केले की सावध. चेहऱ्याला हात न लावता भाव बदलतो.

पण प्राणी स्वस्तच पडतो असंही नाही. ओठांचा हिशेब बघा. मराठी संवादाला साधारण नऊ तोंडं लागतात: मिटलेलं (प, ब, म), दात दिसणारं किंचित उघडं (स, त, क आणि बहुतेक व्यंजनं), अ, आ, ए-ई, ओ, उ, खालच्या ओठावर वरचे दात (व आणि बोलण्यातला फ), आणि गप्प असतानाचं. ट, ड, ळ आतल्या आत होतात, त्यांना वेगळं चित्र नको. नऊ तोंडं, तीन कोन: समोरून, पाऊण (अर्धवट वळलेला) आणि बाजूने. झाली २७. मुलाच्या सपाट चेहऱ्याला समोरचा आणि पाऊण संच जवळजवळ सारखाच चालतो. कोल्ह्याच्या किंवा मगरीच्या लांब तोंडाला नाही. समोरून पाहिलं तर नाकच तोंडाला झाकतं, त्यामुळे तिन्ही संच मुळापासून वेगळे काढावे लागतात.

चोचवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. ओठ नाहीत, दात नाहीत. ‘मामा’ म्हणताना चोच मिटून परत उघडली तर टाळी वाजवल्यासारखी दिसते. उपाय दोन. एक म्हणजे चोचीच्या कडा रबरासारख्या वाकवा, बदकांच्या बाबतीत हे पूर्वापार चालत आलंय. किंवा चोच फक्त स्वरांवर उघडा आणि बाकीचा जोर मानेच्या हिसक्यावर द्या. दुसरा उपाय स्वस्त आणि माझ्या मते जास्त पक्ष्यासारखा.

कुठलंही तोंड असो, प, ब, म ला ते निदान दोन फ्रेम पूर्ण मिटलेलं दिसायला हवं, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटायला हवं. मिटणं उशिरा आलं की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण डबिंग केलंय असं वाटत राहतं.

भोचक

पेपा पिगचं तोंड कुणी समोरून पाहिलंय का?

रेषाबहाद्दर

तोच तर तिथला शहाणपणा आहे. दोन्ही डोळे एकाच बाजूला आणि तोंड कायम वळलेलं. एकच संच काढायचा, उलटवून दुसऱ्या बाजूला वापरायचा. बाकी त्या मालिकेत डुक्कर असण्याचं काम विचाराल तर डबक्यात उड्या मारणं आणि मधूनच फुरफुरणं, एवढंच.

खडूफळा

शाईपेन, तुमच्या कसोटीत एक गोष्ट सुटली. प्राण्याच्या जागी मुलगा घालायचा म्हणता, पण कुठला मुलगा? मराठीत मुलाला नाव दिलं की काम वाढतं. आडनाव दिलं की जात दिसते. आईला काय म्हणतो, कुठल्या बोलीत बोलतो, डब्यात काय आहे, घरात खुर्ची आहे की सतरंजी, सगळ्यातून त्याचं घर ठरतं. घर ठरवणं वाईट नाही, चांगल्या बालकथा तिथूनच होतात. पण ज्या भागाचा विषय फक्त ‘आपला नंबर येईपर्यंत थांबणं’ आहे, तिथे गडचिरोलीच्या आणि गिरगावच्या मुलाला एकाच वेळी ‘हा मी’ वाटायला हवं. ससा तिथे उपयोगी पडतो. सशाला आडनाव नाही.

वयाचंही तसंच. चित्रातला मुलगा सहा वर्षांचा दिसला की आठ वर्षांचा वाचक ‘बाळांचं आहे’ म्हणून पुस्तक मिटतो. कासव किती वर्षांचं हे कुणी विचारत नाही. ते एकटं बाजारात जाऊ शकतं, रात्री बाहेर राहू शकतं, विस्तवाशी खेळू शकतं. मुलाला तसं पाठवलं तर ‘आईबाप कुठे होते’ हा प्रश्न आधी येतो.

आणि क्रौर्य. चिऊताईचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पावसात त्याचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊताई ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ म्हणत त्याला भिजत ठेवते. तुमची अदलाबदल इथे करा: पुरात घर गेलेला शेजारी दारात उभा आहे आणि आतून बाई बाळाची पावडर-तीट उरकत्येय. हे कुठल्याही बालवाडीत चालणार नाही. इथे चिमणीचं शरीर फारसं काम करत नाही. दार माणसाचं, तीट माणसाची. तरी ती चिमणीच हवी, कारण ती आहे म्हणून मूल हसत ऐकू शकतं.

मात्र प्राणी घेतला की भेदभाव आपोआप टळतो असंही समजू नका. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सिंहाला पुस्तकी मराठी आणि लबाड कोल्ह्याला किंवा बावळट अस्वलाला गावाकडची बोली दिली, की जे आडनाव दारातून हाकललं ते खिडकीतून परत आलं. बोली द्यायची तर सगळ्यांना द्या, राजालाही.

आकडेमोड

यावर थोडाफार अभ्यास झालेला आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गॅनिया यांचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं चार ते सहा वर्षांची. आधी प्रत्येकाला स्टिकर दिले आणि ज्याला मिळणार नाहीत अशा मुलासाठी हवे तर ठेव म्हणून सांगितलं. मग गोष्ट वाचून दाखवली. एका गटाला वाटून घेण्याची गोष्ट, पात्रं कपडे घातलेले रॅकून वगैरे. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट, चित्रांत प्राण्यांच्या जागी माणसं. तिसऱ्याला बियांबद्दलचं पुस्तक. पुन्हा स्टिकर. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले. प्राण्यांच्या गोष्टीचा गट बियांच्या गटासारखाच निघाला, दोघांचं देणं कमी झालं.

म्हणजे शाईपेन यांची कसोटी कुणीतरी खरोखर करून पाहिली आणि उपदेश पोचवायचा असेल तर प्राणी हरला.

त्याच गॅनिया यांचा २०१४ चा एक अभ्यास माहितीपर पुस्तकांवर आहे. तीन ते पाच वर्षांची मुलं, आणि त्यांच्या ओळखीचे नसलेले प्राणी. ज्या पुस्तकांत प्राण्यांबद्दल माणसांसारखी भाषा होती, त्यातून मुलांनी खरी माहिती कमी उचलली आणि प्राण्यांना माणसाचे गुण जास्त चिकटवले. पक्ष्यांची ओळख करून देणारा भाग असेल तर पक्ष्याला बोलतं करू नका, निवेदकाला बोलू द्या.

खडूफळा

स्टिकरचा प्रयोग मान्य, पण तो एका पुस्तकाचा, एका बैठकीचा आणि वाचून झाल्या झाल्या घेतलेला निकाल आहे. त्यातच हेही आढळलं होतं की ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटले, त्यांनी जास्त वाटून दिलं. शिवाय गोष्ट फक्त वाटून घ्यायला शिकवण्यासाठी असते हे आधी सिद्ध करा. पंचतंत्रात मैत्री कशी फोडतात हे शिकवायला एक अख्खं तंत्र खर्ची पडलंय. त्यातले करटक आणि दमनक हे कोल्हे कुणाला स्टिकर वाटत नाहीत.

शाईपेन

पंचतंत्राचा विषय निघालाच आहे तर एक बघा. पहिल्या चार तंत्रांत मुख्य गोष्ट प्राण्यांची. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल, मग कावळा-उंदीर-कासव-हरीण, मग कावळे आणि घुबडं, मग माकड आणि मगर. पाचव्या, अपरीक्षितकारकात मात्र माणसं पुढे येतात. आणि त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोष्टीतला प्राणी मुका आहे. ब्राह्मणाचं मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं, रक्ताने माखलेलं तोंड घेऊन दारात येतं आणि आईच्या हातून मरतं. ते बोलत असतं तर ‘आई, साप मारला’ एवढ्या एका वाक्यात गोष्ट संपली असती. ज्या ग्रंथात उंदीर राजनीतीवर श्लोक म्हणतो, त्यातच मुंगसाची वाचा काढून घेतली आहे.

म्हणून प्रश्न थोडा बदलतो. प्राणी हवा का, याआधी तो बोलायला हवा का, हे विचारावं.

भोचक

डिस्नेचा गूफी कुत्रा, प्लूटोही कुत्रा. एक टोपी घालून गाडी चालवतो, दुसऱ्याच्या गळ्यात पट्टा. याचं उत्तर मिळालं की मला कळवा.

पडद्यामागे

भोचक यांची चेष्टा खरी अडचण दाखवते. नियम आधी ठरवले नाहीत की चौथ्या-पाचव्या भागात गाडी अडते. संहितेच्या पहिल्या पानावर चार-पाच ओळी लिहून ठेवाव्यात: कोण बोलतं, कुणाशी बोलतं, माणसं या जगात आहेत का, असली तर त्यांना ऐकू येतं का, आणि सगळे खातात काय. शेवटचा प्रश्न सगळ्यात त्रासदायक. वर्गात कोंबडी शिकत असेल तर डब्यात आम्लेट येता कामा नये. गाय पात्र असेल तर दूध कुणाचं, हे कुणी विचारलं तर तयारी हवी. बहुतेक मालिका सगळ्यांना फळं आणि केक देऊन सुटतात. छोटा भीममध्ये (२००८ पासून) सगळी मुलं माणसं आणि जग्गू माकड एकटंच बोलकं. तिथे नियम सरळ आहे, माणसांत राहणारा एक वेगळा गडी, त्यामुळे प्रश्न उठत नाही.

आकार हा दुसरा नियम. झूटोपियात (२०१६) प्राण्यांचे आकार खऱ्या प्रमाणात ठेवले, म्हणून पोलिसात भरती झालेली सशीण गेंड्या-म्हशींच्या खुर्च्यांत हरवते आणि गोष्ट तिथूनच निघते. त्या चित्रपटाचा नायक आधी कोल्हा होता आणि शिकारी प्राण्यांच्या गळ्यात विजेचे पट्टे होते. काम बरंच पुढे गेल्यावर सशिणीला मुख्य केलं. आकार खरा ठेवायचा तर एक लक्षात घ्या: उंदीर आणि हत्ती एका चौकटीत आले की दोघांचे चेहरे एकत्र दिसत नाहीत. प्रत्येक संवादाला दोन स्वतंत्र शॉट लागतात, किंवा उंदराला कुठेतरी वर चढवावं लागतं. खर्च वाढतो. म्हणून स्वस्त मालिकांत हत्तीसुद्धा सशापेक्षा दीडपटच असतो.

आता रंगमंच. बालनाट्यात प्राण्याचं पूर्ण डोकं घालणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आवाज आत घुमतो, मागच्या रांगेपर्यंत शब्द जात नाहीत. आत कॉलर माइक लावला तर पिंपातून बोलल्यासारखं येतं. मग संवाद आधीच ध्वनिमुद्रित करावे लागतात, आणि पोरांनी मधेच उत्तर दिलं तर नट थांबू शकत नाही. सगळी मजाच गेली. उन्हाळी सुटीच्या प्रयोगात फरचं डोकं आणि फरचा अंगरखा घालून दहा-पंधरा मिनिटांपलीकडे कुणाला ठेवू नये. दिसतं फक्त तोंडाच्या जाळीतून, पायाखालचं तर नाहीच. रंगमंचाच्या कडेला पांढरी पट्टी मारा आणि विंगेत धरायला माणूस ठेवा.

त्यापेक्षा अर्धा मुखवटा. कपाळ, नाक आणि गालाचा वरचा भाग झाकायचा, तोंड आणि हनुवटी उघडी. कान वेगळे, कानटोपीला शिवलेले. नाकाचा सांगाडा हलक्या फोमचा ठेवा. कागदाच्या लगद्याचं नाक घामाने मऊ पडतं आणि तिसऱ्या अंकात लोंबतं. आवाज मोकळा, भाव दिसतात, आणि मुलं काही ‘हा माणूस आहे’ म्हणून तक्रार करत नाहीत.

कळसूत्र

बाहुल्यांच्या बाजूने सांगतो. हातमोजा-बाहुलीत प्राणी का जास्त, याचं उत्तर आपल्या हातात आहे, शब्दशः. चार बोटं वर, अंगठा खाली, असा हात घातला की त्याचा आकारच लांब तोंडाचा होतो. बोटांच्या मुळापासून टोकापर्यंत नऊ-दहा सेंटिमीटर. मगर, कुत्रा, बदक यात हात सरळ राहतो. माणसाच्या सपाट चेहऱ्याला तोंडाची पट्टी सहा सेंटिमीटरपेक्षा खोल ठेवता येत नाही, नाहीतर मुलगा बेडकासारखा दिसतो. मग बोटं आत दुमडावी लागतात आणि थोड्याच वेळात पेटके येतात. शब्दभ्रमकाराच्या बाहुलीत जबडा तरफेने हलतो, हाताच्या आकाराचा संबंध नाही, म्हणून तिथे माणूस सुखाने नांदतो. यशवंत पाध्यांपासून चालत आलेले अर्धवटराव माणूसच आहेत. आणि रामदास पाध्यांनी पापडाच्या जाहिरातीसाठी ससा केला. कुरकुरीत काही खायचं तर पुढचे दोन दात आधी दिसायला हवेतच.

करून बघायचं असेल तर: डोक्याला १२ मिमी फोम. तोंडाच्या पट्टीला जाड पुठ्ठ्याचे किंवा ३ मिमी कडक शीटचे दोन तुकडे, मध्ये बिजागरी म्हणून मांजरपाटाची पट्टी. चिकटवायला रबरवाला गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, मग एकदाच दाबायचं. घाई केली तर जोड सुटतो. लाकडाचा पांढरा गोंद वाळला की कडक होतो आणि फोम त्याच रेषेवर फाटतो. पट्टीच्या आत बोटांसाठी इलॅस्टिकचा पट्टा हवाच, नाहीतर वरचा जबडा निसटतो.

चालवताना नव्या माणसाची चूक ठरलेली: बोलताना वरची बोटं उचलतो. त्याने डोकं दर अक्षराला मागे पडतं, पात्र आकाशाकडे बघून बोलतंय असं दिसतं. अंगठा खाली पाडायचा, बोटं स्थिर. दर अक्षराला तोंड उघडू नका. ‘मला भूक लागली’ यात ‘ला’, ‘भू’ आणि ‘ला’ वर उघडलं तरी पुरे. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी किंचित आत वळवा. दोन्ही सरळ मधोमध बसवल्या की नजर कुठेच लागत नाही.

आकडेमोड

मग प्राणीच का? राक्षस, यंत्रमानव, मोटार, भोपळा यांनी काय घोडं मारलंय? सेसमी स्ट्रीट या अमेरिकन मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या १९६९ मधल्या चाचणी भागांत तज्ज्ञांच्या सल्ल्याने माणसं आणि बाहुल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. बाहुल्या आल्या की मुलं बघायची, रस्त्यावर नुसती माणसं आली की लक्ष उडायचं. म्हणून रस्त्यावर बाहुल्या आणल्या, त्यात तो आठ फूट दोन इंचाचा पिवळा पक्षी. पक्षी खरा, पण उडत नाही, अंडी घालत नाही, सहा वर्षांच्या मुलाचे प्रश्न विचारतो. बाकी अर्धी मंडळी तर नुसते केसाळ राक्षस. आपल्याकडच्या गली गली सिम सिममध्ये (२००६) बूम्बा सिंह होता, पण चमकी शाळेच्या गणवेशातली मुलगीच होती. मुलींच्या शाळेबद्दल बोलायचं तर मुलगीच हवी, सिंहीण घेऊन काय करणार?

डोरेमॉनही नावाला मांजर. यंत्र आहे, कान उंदराने खाल्ले, आणि मांजर असून उंदराला घाबरतो हा एकच विनोद त्या मांजरपणातून काढलाय. तेवढा पुरतो.

रानवाट

प्राणी घ्यायचाच तर निदान खरा घ्या. पंचतंत्राच्या मराठी पुस्तकांत कोल्हा नारिंगी असतो आणि शेपटीचं टोक पांढरं. तो युरोपातल्या चित्रांतून आलेला तांबडा खोकड. आपला कोल्हा भुरा-करडा, शेपटीचं टोक काळं. माकड शेपटीने फांदीला लटकतं, हे तर सर्रास. भारतातलं कुठलंही माकड किंवा वानर शेपटीने लटकू शकत नाही, ती कला दक्षिण अमेरिकेतल्या माकडांची. ‘कुहू’ गाणाऱ्या पक्ष्याला साडी नेसवलेली असते, गातो मात्र नर. पिल्लांना घेऊन निघालेल्या लांडोरीला लांब पिसारा काढलेला असतो. आणि सह्याद्रीच्या जंगलात सिंह राजा. सिंह गीरमध्ये. इथे वाघ किंवा बिबट्या.

एक धोक्याची गोष्ट. पेपा पिगचा एक भाग ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने मागे घेतला. त्यात कोळी छोटे असतात, काही करत नाहीत, असा सूर होता. ब्रिटनमध्ये ते ठीक, पण ऑस्ट्रेलियात विषारी कोळी घरात निघतात. आपल्याकडे हेच नागाला लागू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं मित्रपात्र करायचं असेल तर मैत्री लांबून बोलण्यात दाखवा. मुलगी त्याच्या फण्यावरून हात फिरवत्येय असं चित्र नको. दुधाची वाटी तर नकोच, साप दूध पीत नाहीत.

उपयोगाचं काही हवं असेल तर हात असलेले प्राणी निवडा. खुरवाल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे वस्तू धरणं. गाईच्या हातात पेन कुठून येणार? खार, शेकरू आणि उंदीर पुढच्या पंजात धरून खातात, मागच्या पायांवर बसतात. मुंगूस उभं राहून बघतं. अस्वलही उभं राहतं. यांना माणसासारखं उभं केलं तरी डोळ्याला खटकत नाही. गाढव, हरीण, शेळी यांना तोंडाने, शिंगाने, खांद्याने काम करू द्या. तिथेच गमती सापडतात.

रेषाबहाद्दर

+१. फक्त चार पायांवर चालवायचं तर क्रम चुकवू नका: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम टाकले तर ती दुडकी होते, चाल नाही. एक चाल नीट बसवली की सगळ्या भागांना पुरते.

शाईपेन

बरंचसं पटलं, माझा नियम जरा सैल करतो. मुखवटा म्हणूनही प्राण्याला काम आहे. तरी ब्लूई या ऑस्ट्रेलियन कार्टून मालिकेतल्या घराला (२०१८) कुत्र्यांची गरज काय, हे मला अजून दिसत नाही. ब्रिस्बेनमधलं अगदी माणसांचं घर आहे ते.

आणि एक मराठीपुरता प्रश्न. कासव, माकड, अस्वल, हरीण सगळी नपुंसकलिंगी. निवेदनात ‘कासव म्हणालं’ ठेवावं की त्याला दादा-ताई करावं?

खडूफळा

ब्लूईत कुत्र्याची जात म्हणजे त्या गावचा पत्ता आहे, ऑस्ट्रेलियातलीच गुरं राखणारी जात. थोरली बापासारखी निळी, धाकटी आईसारखी तांबूस, हे एका नजरेत कळतं. शिवाय बाप फरशीवर रांगतो, पोरी त्याच्यावर चढतात, तो चावा घेतल्याचं नाटक करतो. त्याच्या जागी माणूस असता तर तेच चित्र वेंधळं दिसलं असतं.

लिंगाचं म्हणाल तर ‘कासव म्हणालं’ ठेवा. मुलगा-मुलगी दोघांनाही ते आपलं वाटतं, ही सोय दुसऱ्या कुठल्या पात्रात इतकी सहज मिळत नाही. अडचण येते ते कासव स्वतः बोलायला लागल्यावर. ‘मी आलो’ की ‘मी आले’? तिथे भविष्यकाळ वापरा, ‘मी येईन’, ‘मी बघेन’ यात लिंग दिसत नाही. किंवा ‘मला जायचंय’, ‘मला सापडलं’. सात मिनिटांच्या भागात हे जमतं, लांब संवादात ओढूनताणून वाटायला लागतं. तिथे सरळ एक बाजू घ्या. पण सगळ्या मोठ्या प्राण्यांना दादा आणि फक्त खार-चिमणीला ताई, असं होऊ देऊ नका. हत्तीण घ्या, वाघीण घ्या.

शाईपेन

मग डब्याची गोष्ट अशी करून बघतो. वर्ग झाडाखाली. डबा शेकरूने वर लपवला आणि कुठे ते विसरलं. कासवाला वर चढता येत नाही, पण मुंग्यांची रांग खोडाच्या बुंध्याशी पहिल्यांदा त्यालाच दिसते, कारण ते जमिनीलगत आहे. अस्वल वासावरून माग काढतं. डबा उघडतो तेव्हा आत मुंग्याच मुंग्या. बाकीचे रडवेले, अस्वल खूश. सशाचं काम सापडत नाही, त्याला काढला.

रानवाट

आता जमलं. आपल्याकडचं अस्वल मुंग्या-वाळवी ओठांचा चंबू करून ओढून घेतं, नाकपुड्या मिटून. आधी फुंकून धूळ उडवतं, मग ओढतं. आवाज चांगला मोठा होतो, तो नीट ध्वनिमुद्रित करा, पोरं नक्कल करतील. त्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात मुळात नसतातच.

रेषाबहाद्दर

मग ‘व’ आणि ‘फ’ चं तोंड वेगळं काढावं लागेल. खालच्या ओठावर टेकवायला मधे दातच नाहीत. तीन कोनांत तीन चित्रं वाढली, आणि अस्वलाचे संवाद लिहिताना शाईपेन यांनी ‘व’ जरा जपून वापरावा.

कळसूत्र

बाहुली करणार असाल तर ती फट भरू नका, तिथूनच आत पाच मिमीची नळी बसते. फुंकर मारली की डब्यातल्या कागदाच्या मुंग्या खरंच उडतात.